उडालेला फ्यूज वाचताना

"दाजी, तो हिरवा तीसचा घाला, म्हणजे परत उडायची भानगडच नको," असे माझा मेहुणा म्हणाला, तेव्हा आम्ही अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, क्वार्ट्झसाइट या गावाबाहेरच्या वाळवंटात, भाड्याने घेतलेल्या मोटारघराच्या जनरेटरचे झाकण उघडून मातीत गुडघे टेकून बसलो होतो. मेहुणा चांगला शिकलेला आहे आणि त्याच्या सूचनेमागचा समज आपल्याकडेही घरोघरी आढळतो: फ्यूज उडाला याचा अर्थ फ्यूज कच्चा होता, म्हणून त्याहून पक्का बसवावा. फ्यूजची तार बसवायच्या चिनीमातीच्या साच्यात, म्हणजे किटकॅटमध्ये, वायरच्या तांब्याच्या दोन-तीन काड्या पिळून घालणारे वीजमिस्त्री याच समजावर चालतात. हा लेख त्या समजासाठी आहे.

अमेरिकेत 'आरव्ही' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मोटारघरांत स्वयंपाकघर, शीतकपाट, वातानुकूलन असा सगळा संसार असतो आणि हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटच्या आसपासच्या सरकारी जमिनीवर अशी हजारो वाहने कोणत्याही वीजजोडणीविना मुक्काम करतात. दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, तर वातानुकूलन आणि मायक्रोवेव्ह यांच्यासाठी जनरेटर लागतो. आमचा जनरेटर ४००० वॉटचा होता, म्हणजे १२० व्होल्टला साधारण ३३ अँपिअर देणारा.

जनरेटर बंद पडल्यावर शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे थोडक्यात सांगता येते. बटण दाबल्यावर इंजिन फिरतच नसेल तर आधी बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली आणि विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर इंधनाकडे वळावे. बहुतेक मोटारघरांत जनरेटरला पेट्रोल पुरवणारी नळी मुख्य टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते, त्यामुळे टाकी सुमारे पाव भागावर आली की जनरेटर आपोआप थांबतो आणि गावापर्यंत गाडी नेण्यापुरते पेट्रोल शिल्लक राहते. पुष्कळ जण हा बिघाड समजून कार्ब्युरेटर उघडतात. सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडत असेल तर तेलाची पातळी तपासावी, कारण तेलाचा दाब नसेल तर संरक्षक स्विच इंजिन थांबवतो. इंजिन नीट चालते पण घरात वीज येत नाही, तेव्हा जनरेटरवरचा ब्रेकर पडलेला असण्याची शक्यता मोठी असते. हे सारे करताना धुराची दिशा सांभाळावी, कारण त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो.

आमच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. बॅटरी उत्तम होती, बटण दाबल्यावर मात्र आवाजच येत नव्हता. नियंत्रणपट्टीवरचा दहा अँपिअरचा लाल फ्यूज उडाला होता. वाहनांतील या पात्यांच्या फ्यूजना, १९७६पासून ते वापरात आहेत, रंगांची ठरलेली भाषा आहे: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. त्यांच्या माथ्यावर धातूचे दोन इवलेसे ठिपके उघडे ठेवलेले असतात. फ्यूज न उपसता मीटरची टोके तिथे टेकवली आणि दोन्हीकडे १२ व्होल्ट दिसले तर फ्यूज शाबूत, एकाच बाजूला दिसले तर गेलेला. आम्ही दुसरा लाल बसवला. जनरेटर सुरू झाला, पाऊण मिनिट चालला आणि पुन्हा गप्प झाला. डबीत आता एकच लाल उरला होता, आणि हिरवे मात्र चार होते.

फ्यूज कसा विचार करतो हे समजून घेण्याची जागा हीच आहे. शाळेत आपण शिकतो की तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता बुडाला बारीक भोक असलेली घागर डोळ्यांपुढे आणा. वरून पडणारे पाणी म्हणजे ही उष्णता, भोकातून गळणारे पाणी म्हणजे हवेला आणि दोन्ही टोकांच्या पात्यांना दिली जाणारी उष्णता, आणि घागरीतील पातळी म्हणजे आतल्या पट्टीचे तापमान. पातळी जितकी वर जाते तितकी गळतीही वाढते, त्यामुळे ठरावीक धारेला पातळी कुठेतरी स्थिरावते. घागर काठोकाठ भरली म्हणजे पट्टीने द्रवणांक गाठला. या फ्यूजमध्ये पट्टी बहुधा जस्ताची असते आणि जस्त ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळते. धारा थोडीच जास्त असेल तर आवक आणि गळती यांची झटापट बराच वेळ चालते. धारा प्रचंड असेल तर गळतीला अवसरच मिळत नाही, घागर किती वेळात भरेल हे फक्त धारेचा वर्ग गुणिले काळ या गुणाकारावर ठरते. म्हणून दहाचा फ्यूज दहाच्या वर काटा गेला की उडतो, हा समज चुकीचा आहे. प्रमाणित पात्याचा दहाचा फ्यूज ११ अँपिअरला किमान १०० तास टिकला पाहिजे, साडेतेरा अँपिअरला तो पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत कधीही जाऊ शकतो आणि २० अँपिअरला त्याने ०.१५ ते ५ सेकंदांत गेले पाहिजे. फ्यूज धारा मोजत नाही; तो उष्णतेची जमा आणि खर्च मांडत बसतो.

हाच हिशेब लांब तारेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात विल्यम प्रीस या ब्रिटिश टपालखात्याच्या अभियंत्याने मांडला. तारेच्या एकक लांबीत निर्माण होणारी उष्णता व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि पृष्ठभागावरून निसटणारी उष्णता व्यासाच्या प्रमाणात, म्हणून वितळवणाऱ्या धारेचा वर्ग व्यासाच्या घनाच्या प्रमाणात येतो. त्याच्या सूत्रानुसार एक मिलिमीटर जाडीची उघडी तांब्याची तार सुमारे ८० अँपिअरला वितळते. परंतु मोटारघरातील तार उघडी नसते, तिच्यावर पीव्हीसीचे आवरण असते आणि ते १०० अंशांच्या आसपासच हाय खाते. तेव्हा फ्यूज वाचवतो तो यंत्राला नव्हे, तारेच्या आवरणाला, आणि त्याचा आकडा ठरतो तो तारेच्या जाडीवरून.

आता मेहुण्याच्या सूचनेची किंमत काढू. जनरेटरपासून आतल्या बटणाकडे जाणारी आमची तार अशीच मिलिमीटरभर जाडीची होती. बॅटरीपासून चार मीटरवर ती गाडीच्या सांगाड्याला टेकली तर तारेचा आणि बॅटरीचा रोध मिळून एक दशांश ओहमच्याही आत भरतो आणि सुमारे १३० अँपिअर धारा वाहते. अशा वेळी तार दर सेकंदाला जवळजवळ १४० अंशांनी तापते. दहाचा फ्यूज हा खेळ सेकंदाच्या काही शतांशांत थांबवतो, तोवर तार दोन-चार अंशच तापलेली असते. तीसचा फ्यूजही इतक्या मोठ्या धारेला उडतो, हे मान्य. पण शॉर्ट दर वेळी इतका स्वच्छ नसतो. गंजलेल्या सांगाड्याला अर्धवट टेकलेल्या तारेतून २५ अँपिअर वाहू लागले तर तीसचा फ्यूज स्वस्थ बसून राहतो आणि तारेत दहा अँपिअरच्या सव्वासहा पट उष्णता निर्माण होत राहते. पेट्रोलच्या नळीपासून वीतभर अंतरावर.

फ्यूजविषयी अज्ञान फक्त गरजेपोटी असते असेही नाही. उंची ध्वनियंत्रांसाठी हजारो रुपयांचे फ्यूज विकले जातात आणि ते विशिष्ट दिशेने बसवल्यास आवाज खुलतो, असे सांगितले जाते. आपल्या घरातील वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. तिला बाणाची दिशा कोणी समजावून सांगितली, हे विक्रेत्यांनाच ठाऊक.

शेजारच्या गाडीतील एक निवृत्त मेकॅनिक आमची खटपट पाहून आले आणि त्यांनी नवा फ्यूज न मागता उडालेले दोन्ही फ्यूज मागितले. फ्यूजची लाल काया पारदर्शक असते. ती उन्हाकडे धरून त्यांनी आम्हाला आतील पट्टी दाखवली. सावकाश तापून गेलेल्या फ्यूजमध्ये पट्टी मध्येच वितळून तुटलेली दिसते आणि भोवतालचे प्लास्टिक बहुधा स्वच्छ राहते. आमच्या दोन्ही फ्यूजमध्ये खिडकी काळवंडली होती आणि धातूचे बारीक शिंतोडे चिकटले होते. क्षणात वाफ झालेल्या धातूची ती खूण होती, म्हणजे इंधनाच्या पंपावर किंवा अन्य भागावर पडलेला जादा भार नव्हे, तर सरळ शॉर्ट. इंजिन सुरू झाल्यावरच फ्यूज जातो, त्या अर्थी तार कंपनाने कुठेतरी टेकत असणार, असे म्हणून त्यांनी मला विजेरी धरायला सांगितली.

तार सापडायला वीस मिनिटे लागली. तिला जागेवर धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीतील रबर झिजून गळून पडले होते, पत्र्याच्या कडेने आवरण कापले गेले होते आणि तांब्याचा तांदळाएवढा भाग चमकत होता. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेऊ लागले की तो भाग पत्र्यावर आपटत असे. आम्ही चिकटपट्टी गुंडाळली, जुन्या पाण्याच्या नळीचा तुकडा चिरून मधे बसवला आणि शेवटचा लाल फ्यूज घातला. रात्री साडेआठपर्यंत वातानुकूलनासह सगळे चालले.

दुसऱ्या दिवशी गावातील दुकानातून मी पाच लाल फ्यूज घेतले आणि तिथेही एकदा फसता फसता वाचलो, कारण याच रंगांचे, याच आकड्यांचे पण आकाराने लहान असे 'मिनी' फ्यूजही असतात आणि ते या खाचेत बसत नाहीत. शीतकपाटाच्या नियंत्रणासाठी लागणारे लहान आकड्यांचे दोन फ्यूजही घेतले. हे शीतकपाट गॅसवर चालत असले तरी त्याचे नियंत्रण १२ व्होल्टवरच चालते आणि तिथला फ्यूज गेला की दूध नासते. चार हिरवे फ्यूज अजून डबीत आहेत. त्यांच्या जोगी जाड तार या गाडीत मला तरी कुठे दिसली नाही.