नऊ पाउंड पंधरा पेन्सचा शर्ट: गाओकाओतल्या इंग्रजी श्रवण-वाचनाची पार्श्वभूमी

चीनमध्ये ८ जूनला दुपारी तीन वाजता गाओकाओचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशपरीक्षेचा, परकीय भाषेचा पेपर सुरू होतो. बाकीच्या विषयांना थोडा उशीर झालेला विद्यार्थी पेपर सुरू झाल्यावरही पहिल्या पंधरा मिनिटांत आत जाऊ शकतो. या पेपरला मात्र उलटा हिशेब असतो, पावणेतीनलाच दार बंद. तीनच्या ठोक्याला वर्गातल्या स्पीकरवर श्रवणाचे ध्वनिमुद्रण सुरू होते आणि त्यातली पहिली पाच संभाषणे एकदाच ऐकवली जातात. एकाने बाक सरकवला तरी तीस जणांचा दीड गुण धोक्यात येतो. २०२४ मध्ये गाओकाओसाठी १ कोटी ३४ लाखांवर नावे नोंदली गेली होती. त्या दिवशी केंद्रांच्या आसपास हॉर्नला बंदी असते आणि बांधकामे थांबवली जातात.

परीक्षेच्या नावात ‘परकीय भाषा’ असते आणि इंग्रजीखेरीज रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांपैकी एक घेता येते. पण बहुसंख्य मुले इंग्रजीच घेतात. पेपर १५० गुणांचा, वेळ १२० मिनिटे. नव्या धर्तीच्या राष्ट्रीय पेपरात श्रवणाला ३०, वाचनाला ५०, भाषावापराला ३० आणि लेखनाला ४० गुण आहेत. थोडक्यात, निम्म्याहून जास्त गुण ऐकणे आणि वाचणे या दोनच गोष्टींवर ठरतात, आणि हे सगळे गुण गोल रंगवून मिळतात.

ही रचना काही एकदम ठरली नाही. सांस्कृतिक क्रांतीत १९६६ पासून बंद पडलेली गाओकाओ चिनी नेते देंग श्याओपिंग यांच्या निर्णयाने १९७७ च्या डिसेंबरात पुन्हा घेतली गेली. जवळपास ५७ लाख उमेदवार बसले, २ लाख ७० हजारांच्या आसपास निवडले गेले. इंग्रजीचा पेपर तेव्हा फक्त भाषाशाखेकडे जाणाऱ्यांना होता. वर्षभरात तो सगळ्यांसाठी आला, पण गुण नुसते नोंदीपुरते. अनेक शाळांत इंग्रजी शिकवायला माणूसच नव्हता, त्यामुळे एका झटक्यात पूर्ण गुण धरले असते तर खेड्यापाड्यांतली मुले सरळ बाद झाली असती. म्हणून पायरी-पायरीने वाढ केली गेली: १९७९ मध्ये फक्त प्रमुख विद्यापीठांसाठी मिळालेल्या गुणांपैकी १० टक्के धरले, १९८० मध्ये ३० टक्के, १९८१ मध्ये ५०, १९८२ मध्ये ७० आणि १९८३ मध्ये पूर्ण १००. या चार-पाच वर्षांत इंग्रजी हा शोभेचा विषय राहिला नाही, आयुष्याची दिशा ठरवणारा झाला.

गुण मोजायचे ठरले तसा प्रश्न आला तो मोजणाऱ्यांचा. सुरुवातीच्या पेपरांत भाषांतर आणि व्याकरणावर भर होता आणि उत्तरे हाताने तपासली जात. लाखो उत्तरपत्रिका, शेकडो परीक्षक; एकाच भाषांतराला एकाच्या हातून सहा मिळत, दुसऱ्याच्या हातून नऊ. ग्वांगचौमधल्या परकीय भाषा संस्थेतले ग्वे शिचुन आणि त्यांचे सहकारी यांनी यावर प्रमाणित चाचणीचा मार्ग काढला. १९८५ मध्ये ग्वांगडाँग प्रांतात बहुपर्यायी प्रश्न, टूबी पेन्सिलने भरायची उत्तरपत्रिका आणि यंत्राने तपासणी असा प्रयोग सुरू झाला. १९८९ पर्यंत ही चाचणी देशभर गेली.

या चाचणीमागे दोन हेतू होते. एक न्यायाचा: सारख्या उत्तराला सारखे गुण. दुसरा वर्गातले शिकवणे बदलण्याचा: पेपरात उतारे वाढले तर शिक्षक व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी मुलांना वाचायला लावतील. पुढची चाळीस वर्षे हे दोन हेतू एकमेकांना रेटत आले आहेत, आणि जिथे जिथे टक्कर झाली तिथे बहुतेक वेळा न्यायाची बाजू वर राहिली.

श्रवणाचे घोडे इथेच अडले होते. गावोगाव एकसारखे ध्वनिमुद्रण, चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आणि खात्रीची वीज मिळेल याचा भरवसा नव्हता. मग उच्चारांची परीक्षा कागदावरच घेतली जाई. एका शब्दातले अक्षर अधोरेखित करायचे, खाली चार शब्द द्यायचे, आणि त्यांतल्या कोणात त्या अक्षराचा तसाच उच्चार होतो ते ओळखायला सांगायचे. मुले उच्चारांच्या याद्या पाठ करत आणि तोंडातून एक शब्दही न काढता पूर्ण गुण मिळवत. ‘मुकी इंग्रजी’ ही तक्रार चीनमध्ये वर्षानुवर्षे चालली, त्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे. १९९९ च्या सुमारास श्रवण टप्प्याटप्प्याने पेपरात आले आणि कागदावरचे हे उच्चारांचे प्रश्न गेले.

तेव्हा ठरलेला श्रवणाचा साचा आजही जवळपास तसाच आहे. वीस प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, वेळ सुमारे वीस मिनिटे. पहिल्या भागात पाच छोटी संभाषणे, प्रत्येकावर एक प्रश्न, एकदाच वाचन. उत्तर द्यायला आणि पुढचा प्रश्न वाचायला दहा सेकंद. दुसऱ्या भागात पाच मोठी संभाषणे किंवा एकट्याचे निवेदन, प्रत्येकावर साधारण दोन ते चार प्रश्न. हा भाग दोनदा ऐकवतात, ऐकण्याआधी प्रत्येक प्रश्न वाचायला पाच सेकंद आणि नंतर उत्तराला पुन्हा पाच सेकंद. सूचना चिनीत, प्रश्न आणि पर्याय इंग्रजीत छापलेले. पर्याय तीनच, वाचनासारखे चार नाहीत, आणि पाच सेकंदांत चार पर्याय वाचून होत नाहीत हे पाहता ते योग्यच आहे. किंमत मात्र मोजावी लागते: काहीही न ऐकता नुसते गोल भरले तरी सरासरीने ३० पैकी १० गुण पदरात पडतात. वाचनाच्या १५ चार-पर्यायी प्रश्नांत अशाच अंदाजपंचे उत्तरांना ३७.५ पैकी ९ च्या थोडे वर मिळतात.

पहिल्या संभाषणाआधी नमुना प्रश्न असतो: शर्टाची किंमत किती? पर्याय १९.१५ पाउंड, ९.१८ पाउंड, ९.१५ पाउंड, उत्तर तिसरे. चिनी निवेदक सांगतो की शर्ट नऊ पाउंड पंधरा पेन्सचा आहे, म्हणून तुम्ही तिसरा पर्याय निवडता आणि प्रश्नपत्रिकेवर त्याची खूण करता. वर्षानुवर्षे हेच वाक्य ऐकून ते इतके डोक्यात बसले आहे की चीनमधल्या एका पिढीचा तो सामायिक विनोद झाला आहे. पण ‘प्रश्नपत्रिकेवर’ हा शब्द कामाचा आहे. ऐकता ऐकता उत्तरपत्रिकेवर गोल रंगवत बसलात तर पुढच्या संभाषणाचे पहिले वाक्य गेलेच. म्हणून आधी प्रश्नपत्रिकेवर खुणा करायच्या आणि ध्वनिमुद्रण संपल्यावर मिळणाऱ्या दोन मिनिटांत त्या उत्तरपत्रिकेवर उतरवायच्या. घाबरलेली मुले नेमकी इथे चुकतात: एक प्रश्न सोडून दिलेला असतो, उतरवताना ती जागा रिकामी ठेवायची राहते आणि पुढची सगळी उत्तरे एकेक घर वर सरकतात.

प्रश्न अवघड होतो तो शब्दांमुळे क्वचितच. तिन्ही पर्याय संभाषणावरून खरे वाटू शकतील अशी रचना केलेली असते. बाई म्हणते, गाडी अडीचला सुटते. माणूस म्हणतो, आज वीस मिनिटे उशिरा आहे. आणि प्रश्न असतो, गाडी किती वाजता सुटणार? पर्यायांत २:१०, २:३० आणि २:५०. ज्याने पहिला आकडा ऐकून समाधान मानले, तो फसला. ‘पण’, ‘खरे तर’ अशा अर्थाचा शब्द आला की त्यानंतरचे वाक्य पकडा, हे शिकवणीवर्गांतले पहिले सूत्र त्यातूनच आले. श्रवण पेपरात आले तसे शाळांत ऐकवणे वाढले हे खरे, पण जे ऐकवले गेले ते बहुतेक मागच्या वर्षांचे पेपर.

यंत्रणेचे घोळ वेगळेच. शाळेच्या ध्वनिक्षेपण व्यवस्थेवरून किंवा एफएमवरून ध्वनिमुद्रण ऐकवतात. मागच्या बाकावर प्रतिध्वनी येतो, दोन वर्गांचे स्पीकर एकमेकांत मिसळतात, ऐन वेळी वीज जाते. म्हणून आधी आवाजाची चाचणी होते, पर्यायी ध्वनिमुद्रण आणि पर्यायी वीज तयार ठेवावी लागते. केंद्रात बिघाड झालाच तर मुलांना आधी बाकीचा पेपर सोडवायला लावून श्रवण शेवटी घेतात आणि गेलेला वेळ भरून देतात. अशी तयारी सगळीकडे सारखी नसल्याने काही प्रांतांनी बरीच वर्षे श्रवणाचे गुण एकूण गुणांत धरलेच नाहीत. तिथे उरलेल्या १२० गुणांना १.२५ ने गुणून १५० करत. प्रवेशाच्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात, एका प्रांताच्या मुलांची स्पर्धा त्याच प्रांतात, त्यामुळे असे वेगवेगळे हिशेब चालून गेले.

वाचनाचा इतिहास त्या मानाने शांत. चार उतारे, १५ प्रश्न, हा कणा टिकून आहे. पहिला उतारा बहुधा जाहिरात, वेळापत्रक किंवा माहितीपत्रकासारखा, त्यात माहिती शोधायची; दुसरा एखाद्या व्यक्तीचा किंवा अनुभवाचा; तिसरा-चौथा विज्ञान, समाज, संशोधन अशा विषयांचा. ठरलेल्या शब्दयादीबाहेरचा शब्द आला तर कंसात चिनी अर्थ देतात. यानंतर ‘सातातून पाच’ हा प्रश्न: उताऱ्यातली पाच वाक्ये काढलेली, खाली सात दिलेली, दोन फसवी. यात भाषेपेक्षा मांडणी कळते का ते बघायचे असते. पूर्वी वाचनाचे २० प्रश्न दोन गुणांचे होते, नव्या पेपरात अडीच गुणांचे झाले. २०१४ मध्ये राष्ट्रीय पेपरातून सुट्या वाक्यांवरचे व्याकरणाचे बहुपर्यायी प्रश्न गेले आणि त्याच १५ गुणांसाठी उताऱ्यातल्या दहा रिकाम्या जागा स्वतःच्या शब्दांनी भरायचा प्रश्न आला. पुढे दहा गुणांची चुका-दुरुस्तीही गेली. तिच्या जागी अर्धी गोष्ट वाचून दोन परिच्छेदांत ती पुरी करायची असा २५ गुणांचा प्रश्न आहे. तो झेजियांग प्रांतात २०१६ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा आला. वाचनाची परीक्षा लेखनातून घेण्याचा हा प्रयत्न कल्पक आहे, पण त्यातून हाताने तपासणीचा जुना प्रश्नही परत आला.

पेपरातून वर्ग बदलेल ही आशा किती खरी ठरली? ची लूश्या या संशोधिकेने २००० नंतरच्या दशकात पेपर काढणारे आणि शिक्षक या दोघांचेही म्हणणे तपासले. पेपर काढणाऱ्यांना मुलांनी भाषा वापरावी असे वाटत होते. शिक्षक शिकवत होते ते गुण मिळवायचे तंत्र. कारण उघड आहे. एका गुणाच्या फरकाने हजारो मुले पुढे-मागे होतात, तिथे शिक्षक जोखीम घेत नाही.

ग्वांगडाँगने पुन्हा पहिले पाऊल टाकले. २०११ पासून तिथे श्रवण मुख्य पेपरातून काढून संगणकावरच्या श्रवण-संभाषण चाचणीत घातले. तिचे तीन भाग: पडद्यावरच्या चित्रफितीबरोबर मजकूर तसाच वाचणे, भूमिका घेऊन तीन प्रश्न विचारणे आणि पाचांची उत्तरे देणे, आणि ऐकलेली गोष्ट सांगणे. ६० पैकी गुण १५ वर आणले जात, २०२१ पासून ते २० झाले. इथे चुका वेगळ्या होतात: सूचक आवाज येण्याआधीच बोलायला सुरुवात केली तर पहिले शब्द मुद्रित होत नाहीत, माइक ओठांना चिकटवला की नुसता श्वास ऐकू येतो, आणि शेजारचा खड्या आवाजात बोलू लागला की आपली गोष्ट विसरते. बेजिंगमध्ये अशी चाचणी २०२१ च्या प्रवेशांपासून आली, ५० गुणांची, त्यांत श्रवण ३० आणि बोलणे २०. ती डिसेंबर आणि मार्च अशी दोनदा देता येते आणि चांगले गुण धरतात. याच बेजिंगने २०१३ मध्ये इंग्रजी १५० वरून १०० गुणांवर आणायचा प्रस्ताव मांडला होता. तो अमलात आला नाही.

‘दोनदा संधी’ हा सुधारणेचा गाभा होता. सप्टेंबर २०१४ च्या राज्य परिषदेच्या, म्हणजे चीनच्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या, निर्णयात परकीय भाषेसाठी ती आली आणि शांघाय व झेजियांगमध्ये आधी राबवली गेली. एका दिवसाच्या तापाने वर्ष जाऊ नये, हा विचार रास्त. पण दोन पेपर तितकेच कठीण आहेत हे कोण सांगणार? गाओकाओचे पेपर गुप्ततेपोटी आधी मुलांवर तपासून पाहत नाहीत. पेपर काढणाऱ्यांना बंदिस्त जागी ठेवतात, आणि परीक्षा झाली की प्रश्न सार्वजनिक होतात, म्हणजे पुन्हा वापरता येत नाहीत. ग्वे शिचुन यांनी १९९० ते १९९९ अशी दहा वर्षे ग्वांगडाँगमध्ये समान प्रश्नसंचाच्या आधारे वेगवेगळ्या वर्षांचे पेपर एकाच मोजपट्टीवर आणायचा प्रकल्प चालवला होता. म्हणजे दुखणे ठाऊक होते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ते झेजियांगमध्ये उफाळले. इंग्रजीचा पेपर मागच्या वर्षीच्या पेपरापेक्षा कठीण गेला असे वाटल्याने प्रांताच्या शिक्षण विभागाने वाचन आणि लेखनातल्या काही प्रश्नांचे गुण काठिण्यानुसार वाढवून दिले, तेही निकाल लागण्याआधी कोणालाही न सांगता. ज्यांनी ते प्रश्न चांगले सोडवले त्यांचे इतरांशी असलेले अंतर बदलले आणि पालक संतापले. ५ डिसेंबरला चौकशीचा निष्कर्ष आला: निर्णय चुकीचा, वाढीव गुण रद्द, मूळ गुण कायम. शिक्षण विभागाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. शर्यत सगळ्यांना सारखी असणे आणि दोन शर्यती एकमेकींशी सारख्या असणे, यांतला फरक या प्रकरणाने चव्हाट्यावर आणला. झेजियांगमध्ये दोन संधींची सोय मात्र कायम राहिली, आणि दोन्हींतले चांगले गुण आहेत तसेच, मोजपट्टीवर न जुळवता, धरले जातात.