घरगुती डिजिटल टीव्ही रेकॉर्डर : जुन्या यंत्राची निगा व दुरुस्ती

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर साठवून हवे तेव्हा दाखवणारे घरगुती यंत्र. टिव्हो आणि रिप्लेटीव्ही ही या प्रकारची पहिली यंत्रे अमेरिकेत १९९९ मध्ये विक्रीला आली. भारतात २००८ मध्ये ‘टाटा स्काय प्लस’ आला. एक कार्यक्रम पाहत असताना दुसरा नोंदवता येणे, चालू सामना मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच पाहता येणे ही त्याची खासियत. पुढे दूरदर्शनच्या फ्री डिशसाठी यूएसबीची सोय असलेले स्वस्त बॉक्स मिळू लागले आणि पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करणे खेड्यापाड्यांतही पोचले. त्या पहिल्या पिढीतले बॉक्स आता म्हातारे झाले आहेत. त्यांत सह्याद्री वाहिनीवरची एखादी जुनी मुलाखत असते, गावच्या मंडळाचे कीर्तन असते, घरातलेच कोणी काही क्षण पडद्यावर झळकलेले असते. ते दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून यंत्र टिकवण्याला अर्थ आहे.

रेकॉर्डर बंद पडला की बहुतेक लोक हार्ड डिस्कला दोष देऊन मोकळे होतात आणि नवी डिस्क विकत आणतात. पुष्कळदा दुखणे वीजपुरवठ्यात असते आणि लक्षण तेवढे डिस्कवर दिसते. त्यामुळे तपासाचा क्रम वीजपुरवठा, मग सिग्नल, मग डिस्क असा ठेवणे पैशाच्या आणि रेकॉर्डिंगच्या दोन्ही दृष्टींनी शहाणपणाचे. बॉक्स कंपनीने भाड्याने दिलेला असेल तर तो उघडू नये. तो ग्राहकाच्या मालकीचा नसतो.

वीजपुरवठा

बॉक्समधील एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्ट विजेचे ५ आणि १२ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. हा दाब स्थिर ठेवण्याचे काम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर करतात. दुरुस्तीच्या दुकानांत त्यांना सरसकट ‘कंडेन्सर’ म्हणतात. त्यांच्या आत द्रावण असते आणि ते उष्णतेने वर्षानुवर्षे आटत जाते. १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास अशी हमी असलेला कंडेन्सर दर १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास. यंत्र अहोरात्र चालू असेल तर ही साडेतीन वर्षांहून थोडी अधिक मुदत झाली. ‘स्टँडबाय’मध्ये लाल दिवा लागलेला असला तरी अनेक रेकॉर्डर आतून पूर्ण जागेच असतात, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

मरणाला टेकलेल्या कंडेन्सरची खूण अगदी ठराविक आहे. सकाळी बॉक्स लावला की दिवे लागतात, डिस्क फिरू लागल्याचा आवाज येतो, काही सेकंदांत सगळे विझते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. असे अनेकदा झाल्यावर, आतला भाग तापला की बॉक्स नीट चालू होतो आणि दिवसभर तक्रार करत नाही. लाइट जाऊन आली की पुन्हा तेच. कारण असे की साडेतीन इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टच्या वाहिनीतून दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो, एकदा गती आली की त्याहून पुष्कळ कमी. थकलेला कंडेन्सर तो पहिला झटका पेलत नाही. गरम झाल्यावर त्याचा अंतर्गत रोध घटतो, म्हणून दुपारी तोच बॉक्स ठणठणीत वाटतो. डिस्क खराब असती तर तिने सकाळ-दुपार असा भेद केला नसता.

झाकण उघडल्यावर कंडेन्सरच्या डोक्याकडे पाहावे. त्यावर फुलीसारखी खाच असते, आतल्या वायूचा दाब वाढल्यास तिथून वाट मिळावी म्हणून. डोके सपाट असेल तर ठीक, जरासेही फुगलेले असेल किंवा खाचेवर तपकिरी खपली धरली असेल तर तो बदलायचा. सपाट दिसणाराही निकामी असू शकतो, म्हणून मल्टीमीटरने डिस्क सुरू होण्याच्या क्षणी १२ व्होल्ट किती खाली येतात ते पाहणे उत्तम. बदली कंडेन्सर त्याच मायक्रोफॅरडचा (म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा), तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि कमी रोधाचा हवा. अंगावरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो, तो जुन्याच्याच दिशेने बसवावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या दुकानांत हे भाग सुटे मिळतात. किंमत किरकोळ असते. खरे मोल असते ते नीट डाग (सोल्डरिंग) देणाऱ्या हाताला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. एसएमपीएसमधल्या सर्वांत मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. ज्याला हे तपासून उतरवता येत नाही, त्याने झाकण उघडण्याच्या फंदात न पडता माहीतगार मेकॅनिककडे जावे.

सिग्नल

चित्राचे तुकडे पडणे हा दोष सिग्नलचा की डिस्कचा, हे बॉक्स न उघडताही कळते. सिग्नल अशक्त असेल तर चित्रात चौकटी उमटतात, आवाज किचकिचतो, पण कार्यक्रम पुढे सरकत राहतो आणि रिमोटला प्रतिसाद मिळतो. डिस्कवरची जागा खराब असेल तर चित्र गोठते, रिमोट ऐकत नाही, काही सेकंद खडखड किंवा टकटक ऐकू येते आणि मग कार्यक्रम उडी मारून पुढे जातो. रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा पाहिले तर तो त्याच जागी पुन्हा अडखळतो. थेट कार्यक्रमातही हे घडू शकते, कारण ‘पॉज’ची सोय असलेले बॉक्स चालू वाहिनीसुद्धा सतत डिस्कवर लिहीत असतात. ती सोय बंद करून पाहिल्यास संशय लगेच फिटतो.

दोन ट्यूनरच्या (वाहिनी पकडणाऱ्या भागांच्या) उपग्रह रेकॉर्डरला छत्रीपासून (डिश अँटेनापासून) सहसा दोन स्वतंत्र केबल येतात. एकाच वेळी दोन रेकॉर्डिंग लावल्यावर एक नीट आणि दुसरे कोरे निघाले, तर मागच्या दोन केबलींची अदलाबदल करावी. दोष केबलीबरोबर सरकला तर तो बाहेर, छतावर आहे. जागीच राहिला तर ट्यूनरमध्ये. या साध्या चाचणीने बॉक्स दुरुस्तीला नेण्याची खेप अनेकदा वाचते. निम्म्याच वाहिन्या गेल्या असतील तर एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, १३ आणि १८ व्होल्टचा बदल पोचत नाही असे समजावे. या दोन दाबांनीच तो उभ्या आणि आडव्या ध्रुवणातून (लहरींच्या कंपनाच्या दिशेतून) निवड करतो.

कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने केबलची तांब्याची जाळी हिरवी पडते, जोडात पावसाचे पाणी शिरते. दर पावसाळ्याआधी जोड उघडून, केबलचे टोक दोन-तीन इंच मागे ताज्या तांब्यापर्यंत कापून, नवा जोड बसवून त्यावर रबरी टोपी किंवा स्वतःला चिकटणारी टेप लावावी. ऐन मुसळधार पावसात चित्र जाणे मात्र बिघाड नव्हे. केयू बँडचे, म्हणजे छत्रीवर येणाऱ्या उपग्रह लहरींच्या पट्ट्यातले सिग्नल पाणी शोषून घेते, पाऊस ओसरला की ते परत येतात. विजा कडकडत असताना मात्र वीज आणि छत्रीची केबल, दोन्ही काढून ठेवाव्यात. नुसता प्लग काढणे पुरेसे नाही.

डिस्क

रेकॉर्डरची डिस्क संगणकातल्या डिस्कपेक्षा कष्टाचे आयुष्य जगते. ८ मेगाबिट प्रतिसेकंद दराने येणारी एकच वाहिनी ‘पॉज’साठी सतत लिहिली गेली तर दिवसाला सुमारे ८६ जीबी होतात. दोन ट्यूनर धरले तर दुप्पट. साधे पेन ड्राइव्ह फ्री डिशच्या बॉक्सवर लवकर दम तोडतात ते याच ओझ्यामुळे. त्यांच्या ‘फॅट ३२’ मांडणीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून ४ मेगाबिट दराचा चित्रपट सुमारे २ तास २० मिनिटांवर तुटून दुसऱ्या फाइलमध्ये जातो. तो दोष नसून मर्यादा आहे.

डिस्क टकटक करू लागली की तिच्यावर नवे काहीही लिहू नये, आणि मेनूतला ‘फॉरमॅट’चा पर्याय दाबण्याची घाई तर मुळीच करू नये. फॉरमॅटने बॉक्स तात्पुरता सुधारतो, पण रेकॉर्डिंग जाते. डिस्क काढून संगणकाला जोडावी. संगणकाने ‘इनिशियलाइझ’ करण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा. मग डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची हुबेहूब प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढावी. हे साधन आधी चांगला भाग उचलते आणि खराब जागांकडे शेवटी वळते, त्यामुळे मरणाऱ्या डिस्कवर विनाकारण ताण येत नाही. अनेक बॉक्स अशी प्रत मूळ डिस्क म्हणून स्वीकारतात. नवी डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्यावी, कारण ती अखंड लेखनासाठीच असते. आयडीई या जुन्या पद्धतीच्या डिस्क-जोडाच्या बॉक्सपैकी काही १३७ जीबीच्या पुढची जागा ओळखत नाहीत, हे खरेदीआधी पाहावे.

वर्गणीच्या बॉक्समधील रेकॉर्डिंग सांकेतिक कुलपात असते आणि ते त्या बॉक्सशी किंवा कार्डाशी बांधलेले असते. डिस्क दुसऱ्या बॉक्समध्ये घालून ते उघडत नाही. वर्गणी थांबली की जुनी रेकॉर्डिंगही न दाखवणारे बॉक्स आहेत. म्हणून मोलाचे रेकॉर्डिंग बॉक्स चालू असतानाच, पिवळ्या-पांढऱ्या-लाल एव्ही जोडातून चालवून दुसरीकडे घ्यावे. हे प्रत्यक्ष वेळेत होते, तासाभराच्या कार्यक्रमाला तासभर लागतो, दर्जाही थोडा घटतो. तरी हाताशी असलेला हाच खात्रीचा मार्ग. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी रास्त वापराची तरतूद आहे, तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षणाचे कुलूप तोडणे गुन्हा ठरवते.

रोजची निगा

उष्णता हा मुख्य शत्रू. बॉक्सवर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी ठेवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. ती झरोके बंद करते आणि कंडेन्सर व डिस्क या दोघांचेही आयुष्य कापते. बॉक्सच्या चारही बाजूंना चार बोटे मोकळी जागा असावी. झरोक्यांतून मुंग्या, झुरळे आणि पाली उबेला येतात. एसएमपीएसवर आडवी पडलेली पाल शॉर्ट सर्किट करू शकते. झरोक्यांवर आतून बारीक नायलॉनची जाळी लावावी, पण हवा कोंडेल इतकी दाट नको. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, आणि पंख्यावर हवा मारताना त्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

लाइट जाण्याने रेकॉर्डिंगची यादी बिघडू शकते. इन्व्हर्टर असेल तर त्यावरचे बटण ‘यूपीएस’ स्थितीत ठेवावे. त्यात विजेची अदलाबदल बॉक्सला जाणवू नये इतकी जलद होते. डिस्क काठोकाठ भरू देऊ नये, दहावा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. रिमोट चालेना तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी: पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट शाबूत आहे, गडबड बॉक्समध्ये आहे.

यंत्राची मुदत

सगळे भाग बदलूनही काही रेकॉर्डर निरुपयोगी होतात, कारण बाहेरचे जग बदलते. वाहिनी चित्र दाबून पाठवण्याची एमपीईजी-२ ही जुनी पद्धत सोडून एमपीईजी-४ वर गेली की जुन्या चिपला ती वाचता येत नाही. ब्रिटनमधील पहिल्या टिव्होची कार्यक्रमपत्रिका १ जून २०११ ला बंद झाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःची पत्रिका तयार करून ती यंत्रे चालू ठेवली. आणखी एक तारीख पुढे आहे. डीव्हीबी या डिजिटल टीव्ही मानकाच्या प्रक्षेपणात दिनांक १६ बिटांत पाठवला जातो आणि तो आकडा २२ एप्रिल २०३८ ला संपतो. त्यानंतर घड्याळावर विसंबणारी रेकॉर्डिंगची वेळ जुन्या बॉक्समध्ये चुकू शकते, हाताने ‘रेकॉर्ड’ दाबणे मात्र शक्य राहावे.

बॉक्स टाकून द्यायचा झाल्यास आधी डिस्क, रिमोट, अडॅप्टर आणि चांगले जोड काढून घ्यावेत. त्याच मॉडेलचा दुसरा बॉक्स चालू ठेवायला ते उपयोगी पडतात. उरलेले भंगार १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे द्यावे.