संकरित काकडी : परसबागेतील लागवड (कोल्हापूर परिसर)

घराच्या परड्यात, अंगणातील वाफ्यात किंवा गच्चीवरील कुंड्यांत घरच्या वापरापुरती घेतली जाणारी, पहिल्या पिढीच्या संकरित बियाण्यापासूनची काकडीची लागवड. (काकडी : हिं. खीरा, क. सौतेकायी, सं. त्रपुस, लॅ. कुकुमिस सटायव्हस, कुल-कुकर्बिटेसी.) कोल्हापूरकडे घरामागील मोकळ्या जागेस परडे म्हणतात आणि दोडका, कारले, घेवडा यांच्या जोडीने काकडीचा एखादा वेल परड्याच्या कुंपणावर चढविण्याची पद्धत जुनी आहे. वस्ती दाट होत गेली तशी ही लागवड गच्चीवर गेली आणि घरी राखलेल्या बियांच्या जागी दुकानातील पाकीटबंद संकरित बियाणे आले. या दोन बदलांचा एकमेकांशी असलेला संबंध सहसा ध्यानात घेतला जात नाही. गच्चीवर जे बिघडते त्यातील बरेचसे मात्र त्या संबंधातूनच बिघडते.

काकडीचे मूळ स्थान हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश मानले जाते; तेथे लहान, कडू फळांचा तिचा रानटी प्रकार आजही आढळतो. तिच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, तर त्याच प्रजातीतील (कुकुमिस) खरबूज व चिबूड यांच्या पेशीत २४ असतात. शेजारी चिबडाचा वेल असला की काकडीची चव जाते, ही जुनी समजूत त्यामुळे निराधार ठरते. या दोहोंचा संकर आपोआप होत नाही.

दोन वेगवेगळ्या शुद्ध वाणांचा हेतुपूर्वक संकर करून मिळालेल्या बीस एफ-१ किंवा संकरित बियाणे म्हणतात. काकडीच्या वेलावर नर व मादी फुले निराळी येत असल्याने हा संकर हाताने करणे अवघड नसते : मादी वाणाची उमलू घातलेली कळी आदल्या संध्याकाळी झाकून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर नर वाणाचे पराग लावतात. केवळ मादी फुले धरणारे वाण हाती आल्यावर हे काम आणखी सोपे झाले. पण असे वाण टिकविण्यासाठी त्यांच्यावर जिबरेलिक आम्ल किंवा चांदीचे क्षार फवारून मुद्दाम नर फुले आणावी लागतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या कुलू खोऱ्यातील कटराईन केंद्रात तयार झालेला ‘पुसा संयोग’ हा संकर जपानी मादी वाण आणि ‘ग्रीन लाँग नेपल्स’ यांच्यापासून काढलेला आहे. महाराष्ट्रात नावाजलेली ‘हिमांगी’ मात्र या अर्थाने संकरित नव्हे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘पूना खिरा’ व ‘कल्याणपूर अगेती’ यांच्या संकरातून निवड करीत ती स्थिर केली असून तिचे बी घरी राखता येते. दुकानात ‘सुधारित’ आणि ‘संकरित’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात, म्हणून हा भेद येथे नोंदविला आहे.

परसबागेच्या दृष्टीने संकरित वाणांचे वर्गीकरण फळाच्या रंगावरून किंवा लांबीवरून न करता फुलांवरून करणे उपयोगाचे ठरते. पहिल्या प्रकारात एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात. उघड्या शेतासाठी विकले जाणारे बरेचसे संकरित बियाणे या प्रकारचे असते. दुसऱ्या प्रकारात जवळजवळ सगळी फुले मादी असतात आणि फलधारणेसाठी पराग बाहेरून यावे लागतात. यासाठी बियाणे कंपन्या पाकिटात दहा-पंधरा टक्के बी परागदात्या वाणाचे मिसळतात. शेतकरी सबंध पाकीट लावतो, त्यामुळे त्याचे भागते. घरी मात्र पाकिटातील चारच बिया कुंडीत टोचल्या जातात आणि त्या चारांत परागदात्याची एकही नसण्याची शक्यता बरीच असते. मग वेल मांडवभर पसरतो, मादी फुलांनी लगडतो आणि बोटाएवढ्या काकड्या एकामागून एक पिवळ्या पडून गळतात. दोष खताचा नसतो, पाण्याचाही नसतो. तरी खतच वाढविले जाते. तिसऱ्या प्रकारातही सगळी फुले मादीच, परंतु फळ परागांवाचून धरते आणि त्यात बी होत नाही. हरितगृहात घेतली जाणारी गुळगुळीत, वीतभर लांबीची काकडी बहुतेक या प्रकारची असून तिचा वंश इस्राएलमधील बेट अल्फा या वसाहतीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाशी जुळतो. चौथ्या-पाचव्या मजल्यावर, जेथे मधमाशी क्वचित फिरकते, हाच प्रकार भरवशाचा होय. ज्याच्या परड्यात शेवगा, तुळस, झेंडू आहे आणि मधमाश्यांचा राबता आहे, त्याने पहिला प्रकार लावावा. त्याचे बी स्वस्त असते, वेल काटक असतो आणि काकडीला चवही अधिक असते. बीविरहित वाणाचे एकेक बी काही रुपयांना पडते, त्यामुळे ते मोजून पेरावे लागते.

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर असून तेथे वर्षाकाठी सरासरी १,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेकडे गगनबावड्याच्या बाजूस तो कित्येक पटींनी वाढतो. हिवाळा सौम्य असल्याने काकडी येथे जवळजवळ वर्षभर लावता येते, परंतु दोन हंगाम खरे. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात पेरलेली काकडी मार्च-एप्रिलमध्ये फळे देते आणि तिला रोगांचा त्रास कमी होतो. जूनअखेर पेरलेली श्रावणात तोडणीस येते. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीच्या भाजीत, बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेलेच घालण्याचा रिवाज असल्यामुळे परड्यातल्या काकडीला त्या दिवशी विशेष मान असतो. वेल संकरित बियाण्याचा असल्यास त्याला हा मान द्यावा की नाही, याविषयी घरातील वडीलधाऱ्या बायकांत एकमत आढळत नाही. एप्रिल-मेच्या कडक उन्हात पेरणी टाळावी. मोठा दिवस व अधिक तापमान यांमुळे पहिल्या प्रकारच्या वेलावर नर फुलांचे प्रमाण फार वाढते, तर थंड हवा व लहान दिवस मादी फुलांना अनुकूल असतात.

नदीकाठच्या मळीच्या जमिनीत काकडी सहज येते. शहरातील परड्यांत मात्र बहुधा चिकण काळी माती असते, जी पावसात चिखल होते आणि उन्हात भेगाळते. काकडीची बहुतेक मुळे वरच्या फूटभर थरात पसरतात व साचलेले पाणी त्यांना अजिबात सोसत नाही. म्हणून अशा जागी वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. गच्चीवर १५ इंची ग्रो-बॅग किंवा तळाला भोके पाडलेली २० लिटरची रंगाची बादली एका वेलाला, फार तर दोघांना, पुरते. माती, शेणखत व कोकोपीट समभाग घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड घालतात. आच्छादनासाठी उसाचे पाचट या भागात हवे तेवढे मिळते आणि उन्हाळ्यात ते अत्यंत गुणकारी ठरते. पावसाळ्यात त्याच पाचटाखाली गोगलगायी दडतात आणि रातोरात कोवळे रोप फस्त करतात. तेव्हा जुलैत ते काढून टाकलेले बरे.

एक ग्रॅम वजनात काकडीच्या साधारण तीस ते चाळीस बिया बसतात. शेतीसाठीचे दहा ग्रॅमचे पाकीट घराला कित्येक वर्षे पुरेल इतके असते, म्हणून ते चार घरांत वाटून घेणे शहाणपणाचे. पाकिटावरील उगवणशक्तीची टक्केवारी व चाचणीची तारीख पाहून घ्यावी. बियांवर गुलाबी किंवा निळा रंग असल्यास तो बुरशीनाशकाचा असतो. असे बी भिजत घालू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत. बी दीड ते दोन सेंमी. खोल टोचतात. माती २५° ते ३०° सें. इतकी उबदार असली की तीन ते पाच दिवसांत दोन जाड बीजपत्रे वर येतात. काकडीच्या मुळांना हलविलेले मानवत नाही, त्यामुळे बी जागेवरच पेरावे अथवा कागदी पेल्यात रोप करून ते दोन खऱ्या पानांवर असतानाच मातीच्या गड्ड्यासह लावावे.

वेल जमिनीवर सोडण्यापेक्षा बांबूच्या ताटीवर किंवा सुतळीवर चढविल्यास फळे सरळ, स्वच्छ व एकसारख्या रंगाची येतात. आधार शोधणारा काकडीचा ताणा जवळून पाहण्याजोगा असतो. त्याचे टोक सुतळीला लागले की काही तासांतच ते तिच्याभोवती वेढे घेते. त्यानंतर मधला भाग स्प्रिंगसारखा आवळू लागतो, आणि दोन्ही टोके बांधलेली असल्याने निम्मे वेढे उजवीकडे तर निम्मे डावीकडे वळतात. मधोमध, जेथे वळण उलटते, तेथे एक छोटासा सरळ तुकडा उरतो. वाऱ्याच्या झोताने वेल हलला की ही स्प्रिंग ताणली जाते, पण तुटत नाही. छाटणीची रीत प्रकाराप्रमाणे बदलते : बीविरहित वाणाचा एकच मुख्य दांडा ठेवून पहिल्या पाच-सहा पेऱ्यांवरील फुटवे व फुले खुडतात, दोन्ही फुलांच्या वाणात मादी फुले मुख्यतः फांद्यांवर येत असल्याने तेथे फांद्या राखून शेंडा मारतात. एकाची रीत दुसऱ्याला लावल्यास पीक निम्मे होते.

खत थोडे व वारंवार द्यावे. लावणीनंतर तीन आठवड्यांनी आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात पुरे होते. फुलोऱ्यानंतर नत्र कमी करून पालाश वाढवितात, अन्यथा पानेच पोसली जातात. पाणी सकाळी मुळाशी द्यावे, पानांवर ओतू नये. एप्रिलमध्ये कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागते.

पहिल्या प्रकारच्या वेलावर सुरुवातीचे आठ-दहा दिवस केवळ नर फुले येऊन गळतात; यात काळजीचे काही नाही. मादी फुलाच्या मागे लव असलेली इवली काकडी असते, नर फुलाला नुसता बारीक देठ. फूल एकच दिवस टिकते. मधमाश्या नसल्यास सकाळी नऊ-दहाच्या आत ताजे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मादी फुलाच्या मधल्या भागावर हलके फिरवावे. पराग अपुरे पडले तर काकडी एका टोकाला फुगते व दुसऱ्या टोकाला बारीक राहते.

किडींत फळमाशी सर्वांत त्रासदायक. मादी कोवळ्या काकडीच्या सालीत सुईसारखे टोक खुपसून आत अंडी घालते. त्या जागी पाण्यासारखा एक थेंब येतो आणि वाळून डिंकासारखा चिकटून बसतो. हा थेंब दिसला की ती काकडी गेली असे समजावे : आतून ती अळ्यांनी पोखरते आणि वाकडी होते. असे फळ खतखड्ड्यात टाकणे म्हणजे माशीची पुढची पिढी आपणच पोसणे होय, कारण अळ्या मातीत शिरून कोष करतात; ते पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावे. आमिष म्हणून गूळपाण्याचा वापर जुना असून कोल्हापुरात त्यासाठी गूळ शोधत फिरावे लागत नाही. कामगंध सापळा आणताना मात्र क्यू-ल्युअरचा आहे ना, हे विचारून घ्यावे. आंब्यासाठीचा मिथाईल युजेनॉलचा सापळा काकडीच्या माशीला बोलावत नाही. घरच्या आठ-दहा फळांसाठी खात्रीचा उपाय म्हणजे फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांत त्यास कागदी पिशवी घालणे. लाल भुंगेरे बीजपत्रे कुरतडतात. पहाटे ते सुस्त असताना वेचावेत.

पावसाळ्यात केवडा रोग येतो : पानावर शिरांनी आखल्यासारखे कोनदार पिवळे ठिपके आणि खालून करडी-जांभळट बुरशी. हिवाळ्याअखेर भुरी येते, तिची पांढरी पूड पानाच्या वरच्या बाजूस दिसते. दोन्हींवर हवा खेळती ठेवणे व खालची पाने काढणे हा पहिला इलाज. भुरीवर गंधकाची फवारणी करतात, पण कडक उन्हात ती केल्यास काकडीची पाने करपतात.

पेरणीनंतर चाळीस ते पन्नास दिवसांत तोडणी सुरू होते व पुढे दर दोन-तीन दिवसांनी चालते. एखादी काकडी वेलावर पिकू दिली तर नवी फळे धरण्याचे मंदावते. पाण्याचा ताण व उष्णता यांमुळे कुकुर्बिटॅसिन हे कडू द्रव्य वाढते. ते देठाकडे आणि सालीलगत अधिक असते. टोक कापून ते काकडीवर घासण्याच्या घरोघरीच्या रीतीत गुण आहे तो कापण्याचा, घासण्याचा नव्हे. अनेक नव्या संकरित वाणांत हा कडूपणा जवळजवळ नसतो.

स्वयंपाकात संकरित काकडीची मर्यादा उघड होते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या ताटात कांदा-लिंबासोबत चिरून ठेवायला ती उत्तम, दाण्याचे कूट घालून केलेल्या कोशिंबिरीलाही चालते, मात्र मीठ वाढण्याच्या वेळीच घालावे, नाही तर वाटीत पाणीच पाणी होते. थालीपीठ किंवा घारगे यांसाठी लागणारी जून, पिवळी, आंबूस गराची काकडी बीविरहित वेलावर मिळत नाही.

संकरित फळाचे बी पुढील वर्षी पेरल्यास दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. एकाच वाफ्यात एक वेल बहुतांशी नर फुलांचा, दुसरा कडू फळांचा, तिसरा आजीसारखा, असे निघतात. बी राखायचेच असेल तर ‘हिमांगी’सारखे स्थिर वाण लावावे, एका मादी कळीला व त्याच वाणाच्या दोन नर कळ्यांना आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून सकाळी हाताने परागण करावे, फुलाचे तोंड पुन्हा बांधावे आणि त्या देठाला रंगीत चिंधी अडकवून ते फळ पूर्ण पिवळे होईपर्यंत, घरातल्या कुणी तोडू नये म्हणून, सांगून ठेवावे.