वजन तेच, चरबी वेगळी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. लठ्ठ म्हणावं असं कुणीच नाही. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा चरबी आणि स्नायू एकाच मापाने तोलतो. चरबी किती आणि ती कुठे साठली आहे, हे त्याला कळत नाही. मधुमेहाच्या दृष्टीने तर ‘कुठे’ हाच प्रश्न मोठा.

चरबीची पेशी हे शरीराचं कोठार आहे. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की ती रक्तातला मेद आत घेते आणि उपाशीपोटी थोडाथोडा बाहेर सोडते. मांड्या, नितंब, दंड इथल्या त्वचेखालची चरबी हे काम निमूटपणे करते. चिमटीत येते ती हीच, आणि आरशासमोर आपण शिव्या घालतो तीही बहुतेक हीच. खरं तर ती आपल्याला सांभाळून घेत असते. काही जणांमध्ये जन्मतःच चरबीच्या पेशी जवळजवळ नसतात. दिसायला ते पिळदार असतात, पण मेद ठेवायला जागाच नसल्यामुळे तो यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो आणि त्यांना लहान वयातच अवघड मधुमेह होतो.

कोठार भरल्यावरही हेच घडतं. त्वचेखालच्या पेशी फुगून फुगून थकल्या की माल इतरत्र सांडू लागतो. पोटात, आतड्यांवर झालरीसारख्या पसरलेल्या पडद्यात साठते ती आतली चरबी. ती चिमटीत येत नाही, कारण ती पोटाच्या स्नायूंच्या आत असते. टणक, पुढे आलेली ढेरी बहुधा तिचीच. ही चरबी मेद चटकन सोडते, आणि तिचं रक्त थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतं. सगळा दोष या एका वाटेवर टाकता येत नाही, कारण यकृतात पोचणारा बराचसा मेद त्वचेखालच्या, विशेषतः धडावरच्या चरबीतूनही येतो. पण पोट आतून भरलेलं असणं ही कोठार अपुरं पडल्याची खूण नक्की आहे. फुगलेल्या पेशींभोवती दाह सुरू होतो आणि इन्सुलिनला मदत करणारं, चरबीच्याच पेशींतून स्रवणारं अॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक कमी होतं. मेदाने भरलेलं यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि रात्रभर साखर बनवत राहतं. सकाळची उपाशीपोटीची साखर वाढते ती मुख्यतः यामुळे.

२००४ मध्येच अमेरिकेतल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालची चरबी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, काढली. प्रत्येकीची सुमारे १० किलो! तीन महिन्यांनी तपासलं, तर इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं होतं तिथेच. आतल्या आणि यकृतातल्या चरबीला हातच लागला नव्हता. उलट पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीने वजन वाढतं आणि तरीही साखर सुधारते, कारण मेद यकृतातून त्वचेखाली सरकतो.

आपल्याकडे हे कोठार बेताचंच असावं असं दिसतं, आणि त्याची सुरुवात गर्भातच होते. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक यांच्या गटाने नवजात बाळं मोजली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. हातपाय बारीक, पोटाचा घेर लहान, पण खांद्याच्या पात्याखालच्या त्वचेची चिमटी जवळपास तेवढीच जाड. म्हणजे कमी पडले होते ते स्नायू, चरबी नव्हे.

म्हणून घरी टेप लावावी. पँटचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे. ढेरी असलेला माणूस पट्टा तिच्या खाली बांधतो आणि वर्षानुवर्षं ‘३४’वर खूश राहतो. कुशीत बोटं रुतवून शेवटच्या बरगडीची कड शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या बरोबर मधून टेप जमिनीला समांतर फिरवा. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. पोट आत न ओढता नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. शिवाय घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावा.

पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी जात नाही. त्याने फक्त पोटाचे स्नायू बळकट होतात. आतली चरबी भरभर चालण्याला मात्र दाद देते, कधीकधी वजन फारसं न हलताही. त्यामुळे काटा अडला तरी टेप पाहत राहा. जोडीला स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा, कारण जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात. यकृतातली चरबी वजन ३ ते ५ टक्के उतरलं तरी कमी होऊ लागते; तिथे दाह झाला असेल तर ७ ते १० टक्के लागतात. ७० किलोच्या माणसाला म्हणजे ५ ते ७ किलो.

तपकिरी चरबीचा सध्या बराच गाजावाजा आहे. ती मेद जाळून ऊब तयार करते, बाळांमध्ये भरपूर असते, आणि मोठ्यांच्याही मानेत व हासळीच्या हाडाच्या वर थोडी सापडते. पण थोडीच. ती ‘जागी करणाऱ्या’ पावडरींवर पैसे घालवण्याजोगा पुरावा नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी खाणं कमी करण्याआधी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. यकृत हलकं होऊ लागलं की साखर काही दिवसांतच उतरते, आणि जुना डोस तसाच राहिला तर घाम, थरथर, चक्कर सुरू होते.