खारवट आणि चोपण जमीन (सोलापूर जिल्हा)

मुळांच्या थरात क्षार किंवा सोडियम साठून नापीक होत गेलेली जमीन. सोलापूर जिल्ह्यात अशी रानं मुख्यतः उजनी आणि नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, भीमा-नीरेकाठच्या सखल भागात दिसतात. मंगळवेढ्याचे कोरडवाहू शिवारही काळ्या मातीचेच; पण तिथे रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, म्हणून ते ज्वारीचे कोठार राहिले.

बेसाल्टपासून बनलेल्या भारी काळ्या मातीत निचरा मंद असतो. वर्षाचा सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस क्षार धुऊन न्यायला पुरत नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, कालवे आले, ऊस वाढला; पाणी निचरून नेणारे चर मात्र त्या प्रमाणात निघाले नाहीत. विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) १ डेसीसायमन प्रति मीटर असलेल्या, म्हणजे चवीला गोड्याच पाण्यातही लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. उसाला वर्षभरात असे २०० सेंटिमीटर पाणी दिले तर एकरी पाच टनांवर क्षार रानात येतात. भूजल वर चढले की क्षार बाहेर जाण्याची वाटही बंद होते.

दोन प्रकार नीट ओळखावेत, कारण उपाय वेगळे आहेत. खारवट जमिनीवर उन्हाळ्यात पांढरे मीठ फुटते, सामू (pH) ८.५ च्या आत, वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर. चोपण जमिनीचा सामू ८.५ च्या वर आणि मातीने धरलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांवर असते. ओली असता ती चिकट, वाळली की दगडासारखी, आणि पाणी वरच तुंबते. दोन्ही दोष एकत्र असले तर खारवट-चोपण. परीक्षणासाठी ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे तीन थरांचे नमुने वेगळे द्यावेत. नुसती पांढरी पापडी खरवडून दिली तर निष्कर्ष फसवा येतो.

पहिले काम चर. सुमारे एक ते सव्वा मीटर खोल, उताराने ओढ्याला जोडलेला; किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप. खारवट रानाला चर, बांधबंदिस्ती आणि गोड्या पाण्याने धुणे एवढे बहुधा पुरते. चोपणाला मात्र जिप्सम लागते: त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरात जातो. मात्रा परीक्षणावरूनच ठरवावी. बारीक भुकटी शेणखतासह मे महिन्यात वरच्या २० सेंटिमीटर थरात मिसळावी. खोल नांगराने गाडली तर ती विरळ होऊन वाया जाते. चुनखडीयुक्त रानात गंधकही चालते: १ टन गंधक सुमारे ५.४ टन जिप्समचे काम करते, फक्त जिवाणूंमार्फत, म्हणून सावकाश.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चर न काढता जिप्सम टाकणे. सोडियम सुटतो, पण तिथेच राहतो. चोपण रान जिप्समशिवाय गोड्या पाण्याने धूत राहणेही घातक, कारण क्षार उतरले की चिकणमाती विस्कटून पाण्याची वाट आणखी बुजते.

पहिल्या पावसावर एकरी सुमारे २० किलो धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) पेरून ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याआधी, गाडावा. सुरुवातीला कापूस, ज्वारी, बीट ही सोसणारी पिके घ्यावीत. हरभरा, मूग, कांदा आणि घेवडा ही पिके परीक्षणात वाहकता उतरल्याशिवाय घेऊ नयेत.