मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे विषाणुसंसर्ग

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचे शरीर नवी किडनी परकी म्हणून नाकारू नये, यासाठी त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टिरॉइड ही त्यांतली नेहमीची तीन. ही औषधे ज्या टी-पेशींना (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आवरतात, त्याच पेशी एरवी विषाणूंवर पहारा ठेवत असतात. पहारा ढिला पडला की निरोगी माणसात जन्मभर निपचित पडून राहणारे विषाणू उठतात, बाहेरून आलेल्या साध्या विषाणूचे दुखणे लांबते, आणि काही विषाणू तर थेट नव्या किडनीलाच धरतात.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले, तेव्हा हा प्रश्न आला नाही. दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबण्याची गरजच पडली नाही. पुढे १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरीन आणि १९९० च्या दशकात टॅक्रोलिमस आले. या औषधांनी रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणे, आटोक्यात येऊ लागले आणि त्याच पावलांनी विषाणूंचे दुखणे वाढले.

विषाणू तीन वाटांनी येतो. एक रुग्णाच्या शरीरात आधीपासून असतो, दुसरा किडनीबरोबर दात्याकडून येतो, तिसरा घरातून, बसमधून, डासातून. दात्याकडून येणाऱ्यांत क्वचित भयंकर प्रकारही घडले आहेत. अमेरिकेत २०११ साली बसवलेल्या एका किडनीतून रेबीज आला आणि तो रुग्ण सुमारे दीड वर्षाने दगावला. काळाचाही एक ठोकताळा आहे. पहिल्या महिन्यात त्रास होतो तो बहुधा शस्त्रक्रियेशी आणि रुग्णालयाशी निगडित जिवाणूंचा. एक ते सहा महिने हा विषाणूंचा खरा हंगाम. त्यानंतर गावात जे पसरलेले असेल ते. रिजेक्शनसाठी औषधांचा मोठा मारा करावा लागला, तर हे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

या काळातला सर्वांत नेहमीचा विषाणू म्हणजे सायटोमेगॅलो, रुग्णालयाच्या बोलीत सीएमव्ही. भारतात बहुतेक प्रौढांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. खरी जोखीम असते ती दात्यात विषाणू आहे आणि रुग्णाला त्याची ओळखच नाही अशा जोडीत. ताप, गळून गेल्यासारखे वाटणे, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येणे ही त्याची सुरुवात. तो आतड्यात शिरला तर जुलाब हटत नाहीत; फुप्फुस आणि यकृतही सुटत नाही. प्रतिबंधासाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी देतात, जोखमीच्या जोडीत सहा महिने, इतरांना साधारण तीन. गोळी महाग आहे आणि तिनेही पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून मात्रा क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) पाहून ठरवावी लागते. गोळी बंद झाल्यावरचे पहिले काही महिने जपण्याचे, कारण थोपवून धरलेला आजार तेव्हा डोके वर काढतो.

बीके विषाणूची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि प्रत्यारोपणातली सगळी अडचण तिच्यात एकवटलेली दिसते. १९७१ साली लंडनच्या संशोधकांनी एका प्रत्यारोपित रुग्णाच्या लघवीत तो सापडल्याचे प्रसिद्ध केले. विषाणूचे नाव म्हणजे त्या रुग्णाची आद्याक्षरे. बहुतेक माणसांना तो बालपणी नकळत होतो आणि मूत्रमार्गाच्या अस्तरात व किडनीच्या नलिकांत मुक्काम ठोकतो. निरोगी माणसाला त्याचा उपद्रव नाही. प्रत्यारोपित किडनीत मात्र तो नलिकांच्या पेशी फोडत जातो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, औषधे जोरकस झाल्यावर, किडनी निकामी करणारा विषाणू म्हणून तो डॉक्टरांना वारंवार भेटू लागला.

त्याची खोड अशी की तो कळू देत नाही. ताप नाही, दुखणे नाही, लघवी नेहमीसारखी. एखाद्या तपासणीत १.२ असलेले क्रिएटिनिन १.६ येते, एवढीच खूण. आता हे रिजेक्शन की बीके? रिजेक्शन असेल तर औषधे वाढवायची, बीके असेल तर कमी करायची. उपचार नेमके उलटे, आणि चुकीचा निवडला तर किडनी हातची जाते. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीतसुद्धा, दोन्हींची सूज सारखी दिसू शकते. शिवाय हा आजार किडनीत ठिगळांसारखा पसरतो, म्हणून एकच तुकडा काढला तर तो निरोगी भागातला निघण्याची शक्यता असते. लघवीच्या नमुन्यात फुगीर, काळपट केंद्रकाच्या पेशी दिसतात. त्या कर्करोगाच्या वाटतात म्हणून त्यांना चकवा पेशी म्हणायला हरकत नाही. माकडांतल्या एका भाऊबंद विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे वापरून बायोप्सी रंगवली, की बीके शिरलेली केंद्रके उठून दिसतात.

म्हणूनच क्रिएटिनिन वाढायची वाट न पाहता पहिल्या महिन्यांत दरमहा आणि पुढे दोन वर्षांपर्यंत तीन-तीन महिन्यांनी रक्ताची पीसीआर, म्हणजे विषाणूच्या जनुकांच्या प्रती मोजणारी तपासणी, करण्याची पद्धत रुजली आहे. एका मिलिलिटरमध्ये १०,००० हून अधिक प्रती आढळल्या तर किडनीला बाधा झाली असे धरून चालतात. खात्रीचे विषाणुरोधक औषध अजून नाही. लिव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाकडून आशा होती, पण चाचण्यांत ते उतरले नाही. उरतो एकच उपाय, मायकोफिनोलेट किंवा टॅक्रोलिमस बेताने उतरवणे.

त्या बेताचे माप म्हणजे लेव्हल, रक्तातले टॅक्रोलिमसचे प्रमाण. प्रत्यारोपणाच्या ओपीडीत सकाळी गेलात तर बाकावर असे रुग्ण दिसतील ज्यांच्या खिशात टॅक्रोलिमसची स्ट्रिप आहे, पण गोळी घेतलेली नाही. रात्रीच्या गोळीला बारा तास झाले की रक्त द्यायचे आणि मगच सकाळची गोळी. कुणी सवयीने आधी गोळी घेऊन आला तर आकडा फुगतो, आणि त्या आकड्यावर मात्रा बदलली तर चूक अंगाशी येते. या साध्या नियमाइतके महत्त्व दुसऱ्या कशाला देता येईल असे वाटत नाही. बीकेने किडनी गेली तरी, रक्तातला विषाणू निघून गेल्यावर दुसरे प्रत्यारोपण करता येते.

बाकीच्यांत एपस्टाइन-बार विषाणूमुळे लिम्फोमासारख्या (लसिका पेशींच्या कर्करोगासारख्या) गाठी होतात, विशेषतः त्याची आधी ओळख नसलेल्या मुलांत. पार्व्हो बी-१९ ने हिमोग्लोबिन उतरत राहते. कांजिण्यांचा विषाणू नागीण होऊन परततो. हिपॅटायटिस सीचे चित्र मात्र पालटले आहे. पूर्वीच्या इंटरफेरॉनने रिजेक्शनची भीती असे. आता १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूची भर पडते. ताप आला म्हणून औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणे या रुग्णांना दोन्हीकडून महागात पडते, कारण प्लेटलेट आधीच पडलेल्या असतात आणि किडनी एकच चालती असते. कोविडसाठीच्या निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर या गोळ्यांनीही टॅक्रोलिमसची लेव्हल धोकादायक चढते.

लसींचा हिशेब शस्त्रक्रियेच्या आधीच करायचा असतो. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसवर असतानाच दुप्पट मात्रेत देतात. गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी प्रत्यारोपणानंतर वर्ज्य. फ्लूची इंजेक्शनची लस दरवर्षी चालते, आणि घरच्यांनीही ती घ्यावी. घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब दिले असतील तर लसीतला विषाणू चार ते सहा आठवडे त्याच्या शीतून बाहेर पडतो. तेवढे दिवस बाळाचे लंगोट बदलण्याचे काम आजीची किडनी बदललेली असेल तर तिच्याकडे ठेवू नये.