वणवाशोध यंत्रणा

जंगलात लागलेली आग लहान असतानाच हेरून तिची जागा अग्निशमन दलाला कळवणारी यंत्रणा. झाडांवरचे वायू-सेन्सर, उंचावरचे कॅमेरे आणि उपग्रह यांच्याकडून माहिती येते. ती पारखण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करते. वणव्याचे भाकीत हा वेगळा विषय. इथे आग लागून चुकलेली असते, ती किती लवकर कळते एवढाच प्रश्न असतो.

हे काम पूर्वी टेहळणी मनोऱ्यांवरची माणसे करत. अमेरिकेतल्या मनोऱ्यांवर ‘ऑस्बोर्न फायर फाइंडर’ नावाचे उपकरण असे: गोल नकाशा आणि त्याभोवती फिरणारी दर्शकपट्टी. पट्टी धुरावर रोखून कोन वाचायचा, दुसऱ्या मनोऱ्यावरूनही तसाच कोन घ्यायचा. दोन्ही रेषा नकाशावर जिथे छेदतील तिथे आग. आजच्या कॅमेऱ्यांची भूमितीही हीच आहे.

पालापाचोळा नुसता धुमसत असतो तेव्हा ज्वाळा नसतात आणि धूरही झाडांच्या शेंड्यांवर आलेला नसतो. मात्र हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे हवेत मिसळू लागतात. वायू-सेन्सर हीच अवस्था टिपतात. जर्मनीतील ड्रायड नेटवर्क्स या कंपनीचे सेन्सर सौरऊर्जेवर चालतात आणि वीज सुपरकॅपॅसिटर या बॅटरीऐवजी वापरल्या जाणाऱ्या भागात साठवतात. लिथियम बॅटरी त्यांत मुद्दाम टाळली आहे, कारण आग शोधणाऱ्या उपकरणानेच पेट घेणे परवडणारे नाही. संदेश लोरावॅन या कमी विजेच्या रेडिओ जाळ्यातून जातात, त्यामुळे मोबाइलचे सिग्नल नसलेल्या जंगलातही काम भागते. अडचण एकच, पण मोठी: वायू सेन्सरपर्यंत पोहोचावा लागतो. वारा उलटा असला तर जवळची आगही निसटते. म्हणून सेन्सर दाट लावावे लागतात आणि अफाट जंगलाला ते पुरे पडत नाहीत. रस्ते, लोहमार्ग, वीजवाहिन्या, वस्तीच्या कडा अशा माणसामुळे आग लागण्याच्या जागी ते लावणे शहाणपणाचे.

कॅमेऱ्यांचे सर्वांत परिचित उदाहरण अलर्टकॅलिफोर्निया हे आहे. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या जाळ्यात १,००० हून अधिक कॅमेरे असून २०२३ पासून राज्याच्या अग्निशमन विभागाच्या सहकार्याने त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देण्यात आली. धूर ओळखायला संगणकाला शिकवणे तुलनेने सोपे; धुके, धूळ, खालून जाणारे ढग आणि धुराड्याची वाफ म्हणजे धूर नव्हे, हे शिकवणे कठीण. हिशेब मांडून पाहावा. १,००० कॅमेऱ्यांनी मिनिटाला एक चित्र पाठवले, तर दिवसाला १४,४०,००० चित्रे होतात. दर १०,००० चित्रांत धूर ओळखणारे संगणकीय प्रारूप एकदाच चुकले, तरी रोज १४४ खोटे इशारे! आठवडाभरात नियंत्रण कक्षातले लोक इशाऱ्यांकडे काणाडोळा करू लागतील. निकष कडक केले, तर खरी आग उशिरा कळते. त्यामुळे एकट्या चित्रावर विसंबत नाहीत, लागोपाठची चित्रे ताडून पाहतात. धुराचा बुंधा एका जागी राहतो आणि वरचा लोट फैलावतो. ढग सगळाच्या सगळा सरकतो. मग शक्य तिथे दुसऱ्या कॅमेऱ्याची साक्ष आणि शेवटी माणसाची नजर.

उपग्रह धुरापेक्षा उष्णतेकडे पाहतात. सुमारे ४ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत आग आसपासच्या जमिनीपेक्षा कितीतरी उजळ दिसते, त्यामुळे चित्रातील एका चौकटीहून (पिक्सेलहून) बरीच लहान आगही उमटते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांवरील मोडिस या उपकरणाची ही चौकट १ किलोमीटरची, तर व्हीआयआयआरएस या उपकरणाची ३७५ मीटरची. मात्र असे उपग्रह एका ठिकाणावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम राहणारे, उपग्रह दर काही मिनिटांनी चित्र देतात, पण त्यांची नजर जाडीभरडी. ही कोंडी फोडण्यासाठी फायरसॅट हा प्रकल्प आखला गेला. त्याचा पहिला उपग्रह मार्च २०२५ मध्ये सोडण्यात आला. ५० हून अधिक उपग्रहांनी ५ × ५ मीटर एवढी आगही टिपावी, हे उद्दिष्ट आहे.

वस्तीजवळची आग पुष्कळदा लोकांच्या फोनवरूनच कळते, तिथे यंत्रणेचा उपयोग मुख्यतः खातरजमेपुरता. तिची खरी किंमत कळते ती रात्री आणि निर्मनुष्य डोंगरात. तिथे वीज पडून पेटलेले खोड कित्येक दिवस आतल्या आत धुमसते आणि वारा सुटला की भडकते. अशा ठिकाणी वेळेवर इशारा मिळूनही पथकाला पोहोचायला वाट नसेल, तर आधी मिळालेली मिनिटे प्रवासातच खर्ची पडतात.